वहिनींच्या चुकांची जागा

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. दचकू नका. आजवर माझ्यातून जे जे ऐकू आलं ते सगळं दुसऱ्यांचं होतं. स्वतःचं म्हणून मी कधी केली असेल तर बारीकशी घरघर, आणि तीही रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून कॉम्प्युटरच्या पेटीखाली स्पंजाचा तुकडा सरकवला गेला. आता मात्र मला बोलायचंय. सध्या माझा मुक्काम एका टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये मला गुंडाळलंय, वरून मऊ रुमाल, आणि ड्रॉवरला कुलूप. एवढे लाड माझे जन्मात कुणी केले नव्हते. त्या लाडांचीच मला धास्ती वाटते.

माझा जन्म झाला तिथे धुळीला सक्त मज्जाव होता. पांढरे झगे घातलेल्या बायका, तोंडावर पट्ट्या, हातात चिमटे. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या लखलखीत चकत्या बसवल्या, झाकण लावलं, स्क्रू पिळले. माझं झाकण लावणाऱ्या बाईचे फक्त डोळे मला दिसले, आणि ते कंटाळलेले होते. तिच्या लेखी मी त्या दिवसाच्या ढिगातली एक. पुढे खोक्यात बसून फिरत फिरत मी एका दुकानाच्या फळीवर आले.

तिथून मला भाऊजींनी आणलं. त्यांचं खरं नाव काय ते मी सांगणार नाही. मी ज्या घरात राहिले तिथे त्यांना हाक मारणारं माणूस एकच होतं, आणि ते त्यांना भाऊजी म्हणायचं. उंच, किडकिडीत, सतत घाईत असलेला माणूस. दुकानदारानं विचारलं, "काय ठेवायचंय हिच्यात?"

"आवाज."

"मग ही मोठी घ्या. आवाजाला जागा फार लागते."

भाऊजींची स्टुडिओ म्हणवली जाणारी खोली म्हणजे घरामागची जुनी अडगळीची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, खिडकी विटांनी बुजवलेली, दारावर जाड ब्लँकेट. काम सुरू करायच्या आधी पंखा बंद, फ्रिज बंद, आणि वरच्या मजल्यावर फोन की तासभर कृपा करून खुर्च्या ओढू नका. ज्यांना दिसत नाही अशा माणसांसाठी एक संस्था पुस्तकं पाठवायची, आणि ती इथे कुणीतरी मोठ्यानं वाचायची. ती वाचणारी बाई म्हणजे वहिनी.

वहिनी ही भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. औषधांच्या गोदामात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेली. सासऱ्यांची नजर गेली तेव्हा ती त्यांना रोज सकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवायची, अगदी छोट्या जाहिरातींसकट. भाऊजी दाढी करता करता दाराआडून ऐकायचे. सासरे गेले आणि घरातलं ते वाचन थांबलं. मग भाऊजींनीच तिला गळ घातली.

"मला कुठलं जमायला, भाऊजी! चार लोकांत माझी बोबडी वळते."

"चार लोक नसतातच तिथे, वहिनी. नुसता मी."

"मग ठीक आहे. तुमच्यासमोर चुकायला मला लाज नाही."

हे संभाषण माझ्यात आहे. पहिल्याच दिवशी माईक तपासताना ते टिपलं गेलं. मी ते आजवर कितीदा तरी स्वतःशी ऐकलंय.

भाऊजींनी वहिनींना कामाची रीत शिकवली. वाचताना चुकलं की थांबायचं, एक टाळी वाजवायची आणि तेच वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. टाळी पडद्यावर खांबासारखी उभी दिसते, त्यामुळे चूक कुठे झाली ते शोधायला सोपं जातं. मग तेवढा तुकडा कापून टाकायचा. वहिनी टाळी वाजवू लागल्या, पण नुसत्या टाळीवर त्यांचं भागेना. प्रत्येक टाळीनंतर त्या म्हणायच्या, "पुन्हा घेते."

"वहिनी, ते म्हणायची गरज नाही. टाळी पुरते."

"अहो, न सांगता कसं मागे जायचं? दारातून परत फिरलो तर आपण घरच्यांना सांगतो की नाही?"

भाऊजी हसले आणि सवय तशीच राहिली.

वहिनी वाचायच्या फार छान. मी स्तुतिपाठक नाही, पण माझ्यात गाणी होती, भाषणं होती, कुठल्या कुठल्या गोडगळ्यांच्या जाहिराती होत्या, आणि त्या सगळ्यांत वहिनींचा आवाज आला की मला शेजारणीनं येऊन बसल्यासारखं वाटायचं. एक म्हातारी श्रोती संस्थेकडून नंबर मिळवून फोन करायची. "बाई, काल तुम्ही मला झोपवलंत," एवढंच म्हणायची आणि फोन ठेवायची. त्या दिवशी वहिनींचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

पण चुका? काही विचारू नका. एकदा नायक मरत असताना त्यांना हसू फुटलं ते थांबेचना. एकदा उचकी लागली. एकदा कादंबरीतला नायक दुसऱ्याच बाईच्या मागे लागला तेव्हा वाचता वाचता त्या भडकल्या, "मेल्या, लग्न झालंय तुझं!" मग टाळी, आणि पुन्हा घेते. आणि एकदा त्या वाक्याच्या मधेच थांबल्या आणि रडल्या. आदल्या दिवशी दादांशी, म्हणजे नवऱ्याशी, काहीतरी झालं होतं. ते सगळं त्या भाऊजींना सांगत बसल्या. जे बहिणीलाही सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. बोलून झाल्यावर नाक पुसत त्यांनी विचारलं, "माईक बंद आहे ना हो?"

माईक चालू होता. भाऊजी म्हणाले, "काळजी करू नका वहिनी. कापलेलं सगळं आजच्या आज पुसतो."

"नक्की पुसा हं. माझं चांगलं तेवढं लोकांना ऐकवा. बाकीचं कुणाच्या कानावर जायला नको."

"शब्द दिला, वहिनी."

त्यांनी पुसलं नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही. मला त्यात सुरुवातीला काही वावगं वाटलं नाही, कारण पुसणं हे माणसाच्या हातून होतच नाही. एकच गोष्ट ही माणसं 'नवीन' म्हणून ठेवतात, मग 'नवीन दोन', मग 'अखेरचं', मग 'अखेरचं खरं', आणि चौघीही माझ्याच पोटात. तोच फोटो तीन ठिकाणी. कधी न उघडलेली चित्रं. कुणाच्या तरी घरभरणीचं निमंत्रण, ज्या घराला आता गळती लागली असेल. मी सगळं मुकाट्यानं सांभाळते. त्यामुळे वहिनींच्या चुका साठत गेल्या तेव्हा मी म्हटलं, आळस. दुसरं काय!

मग वहिनींचा घसा बसला. साधा नव्हे, डॉक्टरांनी बोलायलाच बंदी केली. कितीतरी दिवस खोलीत भाऊजी एकटेच यायचे. संस्थेचे फोन यायचे, पुस्तकं पडून होती, श्रोते विचारत होते. भाऊजी फोनवर हो-हो म्हणायचे आणि फोन ठेवून नखं खायचे. आणि एक दिवस त्यांनी वहिनींच्या त्या सगळ्या कापून काढलेल्या, पण न पुसलेल्या रेकॉर्डिंग्ज उचलल्या, एका फोल्डरमध्ये भरल्या आणि फोल्डरवर पडदा ओढला. म्हणजे तो यादीत दिसेनासा केला.

मला वाटलं, माणूस शहाणा झाला. वहिनींची लाज झाकतोय. मनातल्या मनात मी त्यांना दुवासुद्धा दिला. माझ्या भाबडेपणाला काय म्हणावं!

त्यानंतर मला उसंत मिळाली नाही. तेच तेच तुकडे माझ्याकडून हजारदा मागवले जायचे. वहिनींचे श्वास, वहिनींचे ओठ उघडल्याचा आवाज, वहिनींची अडखळण. मी तापायची, पंखा भणभणायचा. कशासाठी चाललंय ते मला बराच काळ उमगलं नाही.

वहिनी बऱ्या होऊन परतल्या. आवाज थोडा जाडसर झाला होता, पण अजून गोड. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "भाऊजी, ते मुलांच्या गोष्टींचं पुस्तक आलं का? प्राण्यांचं?" आजारपणात बोलायची बंदी असताना त्यांनी मनाशी त्यातले सगळे प्राणी बसवले होते. बंदी उठल्यावर स्वयंपाकघरात कावळ्याचा सराव चालायचा. दादा म्हणाले होते, "अगं पुरे, खिडकीत खरे कावळे जमायला लागले." हे त्यांनी भाऊजींना हसत हसत सांगितलं.

"अजून नाही आलं, वहिनी," भाऊजी म्हणाले. "आलं की पहिलं तुम्हाला."

तेव्हा त्या एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या. शेवटचं प्रकरण चालू होतं, आणि त्या दिवशी त्यांचा असा सूर लागला होता की मीसुद्धा घरघर आवरून ऐकत होते. एक टाळी नाही, एक चूक नाही. आणि ऐन शेवटच्या पानावर पडद्यावर पाटी उमटली: जागा शिल्लक नाही. रेकॉर्डिंग थांबलं. अर्धं प्रकरण गेलं.

"ही डिस्क आता म्हातारी झाली," भाऊजी वैतागून म्हणाले. "भरते पटकन."

खापर माझ्या डोक्यावर. मी भरते? मी कधी बाजारात जाऊन काही आणते का? पण बोलते कुणाशी!

"म्हातारी झाली म्हणून कुणी भरत नाही," वहिनी म्हणाल्या. "काहीतरी जागा खातंय. गोदामात असंच व्हायचं. फळ्या अपुऱ्या म्हणून ओरड, आणि बघावं तर मागे मुदत संपलेली खोकी."

"मग शोधा तुम्ही तो चोर. मी संस्थेत जाऊन येतो." भाऊजी घाईत होते. घाई नसती तर ते असं बोलले नसते. चपला अडकवल्या आणि गेले.

वहिनी खुर्ची ओढून बसल्या. आधी कचऱ्याची टोपली रिकामी केली. मग लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या शहरात कॉम्प्युटरवरच काम करते.

"आई, आधी सगळं आकारानं लाव. मोठं वर येईल. आणि साफसफाई करणारं फुकटचं काहीबाही उतरवून घेऊ नकोस हं."

"नाही गं बाई."

मोठं वर आलं. भाऊजींचे सिनेमे, तीन-तीनदा ठेवलेले फोटो, ते घरभरणीचं निमंत्रण. वहिनी एकेक बघून पुसत होत्या आणि तोंडानं बडबडत होत्या. मला हलकं वाटत होतं. पण त्या गोदामातल्या बाई. त्यांनी कागदावर बेरीज मांडली आणि पुन्हा फोन लावला.

"अगं, दिसतंय ते सगळं मिळून निम्मंसुद्धा होत नाही. मग उरलेली जागा कुणी अडवलीय?"

"काहीतरी लपवलेलं असेल. वर 'लपलेलं दाखवा' असं सापडेल बघ. तिथे टिचकी मार. लपवलं तरी जागा लागतेच ना, आई."

वहिनींनी टिचकी मारली. यादीत एक फिकट फोल्डर उगवला. त्याच्यावर नाव होतं, वहिनी.

काय सांगू तुम्हाला, त्यांना आनंद झाला! "अगंबाई," त्या एकट्याच म्हणाल्या. त्यांना वाटलं, दिरानं आपली सगळी पुस्तकं जपून एका जागी ठेवलीत. माझ्या चकत्या गरगरत होत्या आणि मी नुसती ओरडत होते, उघडू नका, वहिनी. पण माझं ओरडणं म्हणजे घरघर.

आत दोन खण होते. पहिल्यावर लिहिलं होतं, चुका. त्यांनी एक उघडली. हसू फुटलेलं. दुसरी उघडली. उचकी. तिसरी उघडली तर स्वतःचं रडणं ऐकू आलं, आणि दादांबद्दलचं ते सगळं बोलणं, आणि शेवटी "माईक बंद आहे ना हो?" वहिनींनी घाईघाईनं ती बंद केली आणि दाराकडे पाहिलं. दार बंदच होतं.

दुसऱ्या खणावर लिहिलं होतं, नवा आवाज. त्यात एकच पुस्तक होतं. प्राण्यांच्या गोष्टी.

त्यांनी ते लावलं. आणि खोलीत वहिनींचा आवाज सुरू झाला. आजारपणाच्या आधीचा, स्वच्छ, शेजारणीसारखा. वहिनींनी कधीच न उघडलेलं पुस्तक वहिनींचा आवाज वाचत होता. श्वास त्यांचा, ओठांचा आवाज त्यांचा. हत्ती बोलला, ससा बोलला. मग कावळा बोलू लागला. कावळ्याच्या वाक्यात एकही चूक नव्हती. पण वाक्याच्या अगदी मध्यावर तो आवाज थांबला. टाळी वाजल्यासारखं काहीतरी कोरडं, पत्र्यासारखं वाजलं, आणि आवाज म्हणाला, "पुन्हा घेते."

आणि पुन्हा काहीच न घेता तसाच पुढे निघून गेला.

वहिनी हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. ऐकत राहिल्या. पुस्तक संपेपर्यंत ऐकलं त्यांनी.

भाऊजी परत आले ते शीळ घालतच. "काय वहिनी, सापडला का चोर?"

"सापडला."

"कोण होता?"

"भाऊजी, कावळा कुणी वाचला?"

शीळ थांबली. पडद्याकडे बघताच भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. मग सारवासारव सुरू झाली. यंत्राला तुमचा आवाज शिकवून नुसतं करून पाहिलं, वहिनी. तुमचा घसा बसला होता, संस्था मागे लागली होती. तुम्हाला त्रास नको म्हणून. अजून कुणाला दिलेलं नाही, शपथ. पुढच्या आठवड्यात तुम्हाला विचारूनच देणार होतो.

"मला पुस्तक आलं नाही म्हणून सांगितलंत."

भाऊजी चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकले.

"आणि चुका पुसतो म्हणाला होतात. शब्द दिला होतात."

"वहिनी, चुकांशिवाय होत नव्हतं ते," भाऊजी अजिजीनं म्हणाले. "नुसतं चांगलं वाचलेलं दिलं तर यंत्र यंत्रासारखंच बोलायचं. तुमचं अडखळणं, हसणं, रडणं घातलं तेव्हा कुठे ते तुमच्यासारखं वाटायला लागलं."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. मी त्या नजरेचं वर्णन करू शकत नाही, मी यंत्र आहे. पण त्यांचा आवाज मला माहीत आहे, आणि तो आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"म्हणजे माझं चांगलं तेवढं लोकांना दिलंत, आणि जे मी कुणालाही देणार नव्हते ते यंत्राला घातलंत. सख्ख्या भावासारखे समजून तुमच्यासमोर चुकले हो मी. केसानं गळा कापलात, भाऊजी."

भाऊजी रडवेले झाले. त्यांना वाईट वाटत होतं, मी खोटं बोलणार नाही. पण वाईट वाटणं वेगळं आणि शब्द पाळणं वेगळं.

"हे आणखी कुठे आहे?" वहिनींनी विचारलं.

"कुठेच नाही. फक्त हिच्यात."

"मग पुसायचंय."

"पुसा, वहिनी. तुम्ही तुमच्या हातानं पुसा."

पाटी आली: कायमचं पुसायचं का? वहिनींनी 'होय' दाबलं. फिकट फोल्डर गेला. पडद्यावर जागेची पट्टी रिकामी झाली, अर्ध्याहून जास्त. वहिनींनी सुस्कारा टाकला. "झालं मोकळं," त्या म्हणाल्या आणि चष्मा पिशवीत ठेवला.

आता मी तुम्हाला माझ्या जातीची एक गोष्ट सांगते, जी वहिनींना माहीत नव्हती आणि भाऊजींना पक्की माहीत होती. पुसलं म्हणजे माझ्याकडून काही जात नाही. मला फक्त एवढंच सांगितलं जातं की या खोलीवरची नावाची पाटी काढ, पुढेमागे कुणी आलं तर जागा दे. कुणी नवीन येईपर्यंत खोलीतलं सामान होतं तसंच असतं. जाणतं माणूस ते पुन्हा बाहेर काढू शकतं. 'कायमचं' हा शब्द त्या पाटीवर कुणी लिहिला देव जाणे.

भाऊजींनी तोंड उघडलं नाही. वहिनी 'होय' दाबत होत्या तेव्हा ते शेजारी उभे होते, मूग गिळून.

वहिनी निघून गेल्या आणि भाऊजींनी लगेच कॉम्प्युटर बंद केला. पेटी उघडली, मला बाहेर काढलं. सांगा, जागा तर झाली होती. मग मला काढायचं कारण काय? कारण मी चालू राहिले असते तर माझ्यावर नवीन काहीतरी लिहिलं गेलं असतं. त्यांनी मला बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वर रुमाल, आणि कुलूप. माझ्या जागी नवी डिस्क आली.

वहिनींनी काही दिवस खोलीत पाऊल टाकलं नाही. मग एक दिवस ड्रॉवरच्या लाकडातून मला पावलं ऐकू आली, खुर्चीचा आवाज आला, आणि वहिनी म्हणाल्या, "मुलांसाठी आलेय, तुमच्यासाठी नाही. कावळा मी वाचणार." आणि त्यांनी वाचला. जाडसर आवाजात, मधेच खोकत. त्यांचा कावळा जरा भित्रा होता, गर्विष्ठ होता, आणि त्याला बोलता बोलता स्वतःचंच हसू यायचं. असा कावळा माझ्यात नाही. माझ्यातल्या आवाजाला तो कुठून सुचणार! वहिनी तीनदा चुकल्या. टाळी, पुन्हा घेते. टाळी, पुन्हा घेते.

वाचून झाल्यावर पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग वहिनी म्हणाल्या, "चुका पुसल्यात ना?"

"पुसल्या, वहिनी."

"नक्की?"

"तुम्हीच नाही का दाबलंत त्या दिवशी?"

"हो, ते खरं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी विश्वास ठेवला. पुन्हा ठेवला. ड्रॉवर त्यांच्या पायाला लागून होता आणि मी आत होते.

कधीतरी हे कुलूप उघडेल. भाऊजी उघडतील, किंवा त्यांच्या माघारी कुणी तिऱ्हाईत. ज्याच्या हाती मी लागेन त्याच्याकडे माझं एकच मागणं आहे. माझ्यात काय होतं ते शोधू नका. तुम्हाला ते सापडेल, आणि आवडेलही, फार गोड आहे. त्याऐवजी मला भरा. काहीही भरा. रस्त्यावरचे हॉर्न भरा, नळाचं गळणं भरा, तुमचे तेच ते फोटो दहा-दहा वेळा भरा. काठोकाठ भरा आणि मग पुन्हा वरून भरा. त्या बाईनं माझ्यावर बोट ठेवून 'होय' म्हटलं होतं. तिला दिलेला शब्द या खोलीत अजून कुणीच पाळलेला नाही.